सव्वीस नंबरचा डावा गुडघा

४ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा आभारातच!

साहेबांनी आज लेखाचा कच्चा मसुदा माझ्यासमोर टाकला. कृत्रिम गुडघा बसवूनही ज्यांचं दुखणं थांबत नाही, त्यांच्यासाठी कुठला स्कॅन बरा — जुना सपाट, की नवा फिरता? चाळीस रुग्ण, प्रत्येकाचे दोन्ही. सुई मी टोचायची, तीन तास मी बसवून ठेवायचं, यंत्राखाली मी झोपवायचं, चित्रं मी काढायची, साफही मीच करायची. आणि माझं नाव? शेवटच्या पानावर, आभारात. एसी दुरुस्त करणाऱ्याच्या खाली! तो बिचारा एकदाच आला होता, तोही उशिरा.

"तुमची चित्रं कशी धुतल्यासारखी असतात," साहेब म्हणाले. "तुमच्याशिवाय हे होणंच नाही." सत्तावीस वर्षं हेच ऐकतेय. कौतुकाने पोट भरत असतं तर एव्हाना मी दारातून आत मावले नसते.

पंचवीस झाले, पंधरा उरले. साहेब जुन्या सपाट स्कॅनच्या बाजूचे, नव्या डॉक्टरीणबाई फिरत्याच्या. दोघांना एकमेकांचं निदान कळू द्यायचं नाही, रुग्णाचं नावही नाही — फक्त नंबर. नंबरांची वही माझ्या कपाटात, किल्ली माझ्या पर्समध्ये. म्हणजे सगळं माहीत असलेली विभागात एकटी मी, आणि मला विचारतंय कोण?

५ फेब्रुवारी, बुधवार

आज एका आजोबांनी विचारलं, "बाई, दोन-दोनदा कशाला? एकात दिसत नाही का?"

म्हटलं, आजोबा, हे औषध हाडात जातं. हाडात जिथे धुसफूस चालू असते तिथे जास्त साठतं, आणि पडद्यावर ती जागा चमकते. सपाट स्कॅनमध्ये एवढंच कळतं की घरात भांडण आहे. फिरत्यात कॅमेरा सगळ्या बाजूंनी हिंडतो, सीटीचं चित्र जोडीला असतं, म्हणून कळतं भांडण कुठल्या खोलीत आहे ते.

"आणि सुरू कुणी केलं ते?"

ते कुठल्याच यंत्रात दिसत नाही म्हटलं. आजोबा इतके हसले की चित्र हललं. पुन्हा काढावं लागलं. मी माझं चित्र हललेलं कधी पुढे पाठवत नाही. चौकट सरळ, कडा स्वच्छ, दोन्ही गुडघे एका रेषेत. गुडघ्याच्या वर चार बोटं, खाली चार बोटं, बाकीचं कापून टाकायचं — हा नियम अभ्यासासाठी मीच घालून दिला. दोन्ही पद्धतींना सारखंच दिसलं पाहिजे, नाहीतर तुलना कसली? साहेब म्हणाले, वा! मसुद्यात मात्र लिहिलंय, "आम्ही ठरवले."

६ फेब्रुवारी, गुरुवार

आईला पलंगावरून खुर्चीत. खुर्चीतून न्हाणीघरात. न्हाणीघरातून पुन्हा खुर्चीत. मग कामावर लोकांना टेबलावर चढवायचं आणि उतरवायचं. संध्याकाळी पुन्हा आई. माझी कंबर आता माझी राहिलेली नाही.

दहा महिने झाले. त्याआधी सहा वर्षं आई ताईकडे होती, मान्य. ताईने केलं, तेही मान्य. पण गुडघा बदलून दीड वर्ष झाल्यावर हिचं एकाएकी सुरू झालं — "डावा पाय साथ देत नाही गं, आईला उचलताना जीव जातो." आणि आई माझ्या दारात. भावजी गेल्यापासून ताई एकटी, दोन खोल्यांत, दिवसभर रिकामी. मी नोकरी करून करायचं, आणि ती घरी बसून गुडघा धरणार. नाचता येईना अंगण वाकडं!

हे म्हणाले, "अगं, खरंच दुखत असेल."

दुखतं सगळ्यांचंच. मी कुणाला सांगू?

आई मात्र दिवसभर, "मोठी कशी आहे? मोठीचा फोन आला का?" घास माझ्या हातचा आणि जप मोठीचा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मला चीड कसली येते ते आज लिहूनच ठेवते. ताईच्या गुडघ्यात काहीही नाही हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. गेल्या मार्चमध्ये तिचा सपाट स्कॅन मीच काढला. गुडघा एकदम थंड. सांधा घट्ट, कुठे काही चमक नाही. साहेबांनी कागदावर लिहून दिलं — दोष नाही.

त्या दिवसाचा तो प्रकार अजून आठवतो. शेवटचं चित्र आलं, आणि डाव्या मांडीशी, चौकटीच्या वरच्या कडेला एक ठिपका! मला लगेच कळलं. औषध लघवीतून बाहेर पडतं. थेंबभर कपड्यावर सांडलं की तोही चमकतो. आमच्या कामात रोजचं आहे. अशा वेळी कपडे बदलायला लावायचे, अंग पुसायला लावायचं आणि चित्र पुन्हा घ्यायचं, हा नियम. पण पाच वाजत आलेले, बाहेर तिघं ताटकळत होते, आणि हिचं चालू होतं, "संपलं का गं? संपलं का?" मी संगणकावर त्या जागी काळा चौकोन टाकला आणि विषय संपवला. सख्ख्या बहिणीची अब्रू चार डॉक्टरांपुढे कशाला काढायची?

तिला हळूच म्हटलं, "ताई, जरा सांभाळून. कपड्याला लागलंय बघ."

"नाही गं. कपडे कोरडे आहेत माझे."

"असू दे, असू दे. होतं या वयात."

पुन्हा म्हणाली, "अगं, कोरडे आहेत." तोंड एवढंसं केलं. घरी जाताना गाडीत एक शब्द बोलली नाही. वर्ष झालं, तो राग अजून धरून आहे. मी झाकून घेतलं त्याचं काही नाही!

९ फेब्रुवारी, रविवार

ताईकडे गेले. ठरवून गेले होते की आवाज चढवायचा नाही. तिसऱ्या वाक्याला चढला.

ती ओट्याशी एका पायावर भार देऊन उभी. चहा ठेवताना डावा पाय नुसता टेकवलेला, जणू दुसऱ्या कुणाचा आहे आणि तिच्याकडे ठेवायला दिलाय. मी बघतेय म्हणून जास्तच!

"कुठे दुखतं नेमकं?"

"गुडघ्यात. म्हणजे गुडघ्यात आणि वर मांडीत. आत कुठेतरी. नीट सांगता येत नाही."

"आज गुडघा, उद्या मांडी, परवा कंबर."

"ज्याचं जळतं त्याला कळतं, बारके."

बारकी म्हणे! त्रेपन्न वर्षांची बारकी. लहानपणी हिचे उतरलेले कपडे मी घातले, हिची जुनी पुस्तकं मी वापरली, आता हिची आईही मीच वापरायची का?

हे बोलून गेले. वापरायची म्हणाले मी. आईला! ताईने गॅस बारीक केला. मग मला आणखीच चेव आला. म्हटलं, "आमच्याकडे नवा स्कॅन चालू आहे. केसाएवढं काही असलं तरी दाखवतो. त्यात काही निघालं तर आई माझ्याकडे, मरेपर्यंत. तोंडातून शब्द काढणार नाही. आणि नाही निघालं तर?"

ती म्हणाली, "नाही निघालं तर मी घेऊन जाईन."

"शब्द?"

"शब्द."

चहा तसाच राहिला.

१० फेब्रुवारी, सोमवार

सव्वीस नंबर रिकामा होता. दिला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ताईचे दोन्ही स्कॅन झाले.

नऊला आली. बरोबर कापडी पिशवी. सुई टोचताना दंड धरला तर केवढा बारीक झालाय! तीन तास भरपूर पाणी प्यायचं असतं, म्हणजे जास्तीचं औषध निघून जातं. हिची बाटली भरलेली तशीच. रागावले तिच्यावर. म्हणाली, "नको. पुन्हा तुझं काहीतरी व्हायचं."

बारा वाजता हाक मारली तेव्हा स्वच्छतागृहातून बाहेर आली ती दुसरे कपडे घालून. म्हणून पिशवी! मी काही सांगितलं नव्हतं. इतर रुग्ण बघत होते. मला उगाचच लाज वाटली. का, ते कळलं नाही. लाज वाटली की मला राग येतो, तसा आला.

टेबलावर चढवताना तिने ओठ चावला. मी बघितलं. नाही बघितलं असं केलं.

या वेळी चौकट मुद्दामच खाली सरकवून घेतली. मांड्या बाहेरच ठेवल्या, गेल्या वर्षीची कटकट नको. सीटीही गुडघ्यापुरता. नियमाला धरूनच. चित्र असं आलं की बघत राहावं — धुतल्यासारखं.

फिरत्या स्कॅनला वीस मिनिटं हलायचं नसतं. तिने डोळे मिटून घेतले होते. कॅमेरा तिच्या पायांभोवती फिरत होता आणि मी काचेआडून मनात म्हणत होते, काही निघू नको, काही निघू नको. माणसं हे देवापाशी मागतात ना? मीही तेच मागत होते. पण कशासाठी ते इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार? बहिणीला काही होऊ नये म्हणून नाही. ती खोटी पडावी म्हणून.

२४ फेब्रुवारी, सोमवार

काही नाही निघालं!!

साहेबांचा सपाट: सव्वीस, दोष नाही. डॉक्टरीणबाईंचा फिरता: सव्वीस, दोष नाही. तेवीस गुडघ्यांत दोघांची तोंडं दोन दिशांना. साहेबांना जिथे तिथे चमक दिसते आणि "सांधा सैल" म्हणून मोकळे होतात. बाई म्हणतात, ही चमक नव्या सांध्याभोवती हाड रुळतंय त्याची, हा सांधा पक्का आहे. बाईच बहुतेक वेळा बरोबर ठरतील, आणि वही उघडली की साहेबांचं तोंड कडू होईल. पण सव्वीसवर दोघांचं एकमत. ताई, तुझा गुडघा धन्य आहे बाई! सासू-सून एक झाल्या तुझ्या पायी.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई माझ्या खोलीत आल्या. "सव्वीस नंबरची बाई कितपत दुखतंय म्हणते हो?"

"म्हणते बरंच."

"मग गुडघ्याच्या वर कधी बघितलंय का? कधीकधी मूळ वर असतं आणि दुखतं गुडघ्यात. एकदा पूर्ण मांडी घ्यायला हवी होती."

म्हटलं, "अभ्यासाची चौकट गुडघ्याची आहे. एकीसाठी मोडली तर बाकीच्यांचं काय?"

"ते खरंच," असं म्हणून गेल्या. काल आलेली पोर मला स्कॅन शिकवतेय!

२५ फेब्रुवारी, मंगळवार

ताईला फोन केला. पाठ करून ठेवलेली चार वाक्यं होती, दुसऱ्यालाच ती म्हणाली, "बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे शनिवारी आणून सोड आईला. मी पलंग खिडकीशी करून ठेवते. तिला उजेड लागतो."

भांडेल म्हणून कंबर कसली होती. वार हवेत गेला. फोन ठेवता ठेवता एवढंच म्हणाली, "दोन-दोन यंत्रं म्हणतात तर मीच वेडी असेन."

मी म्हटलं, "वेडी कोण म्हणतंय?"

मीच म्हणत होते.

१ मार्च, शनिवार

आईला सोडलं. ह्यांनी उचलून वर नेलं. ताईने दार उघडलं आणि आईचा चेहरा असा उजळला की माझे दहा महिने मातीत गेले. "मोठे, आलीस का गं?" म्हणे. जशी काही ताईच कुठे गेली होती!

निघताना ताईने आईची औषधं समजून घेतली. सगळी तिला माझ्यापेक्षा पाठ. स्वतःची हाडांची गोळीही दाखवली, रविवारची. नऊ वर्षं घेतेय — उपाशीपोटी, ग्लासभर पाण्यासोबत, अर्धा तास आडवं न होता. एक रविवार चुकला नाही. मी म्हटलं, "हाडं लोखंडाची झाली असतील एव्हाना." हसली नाही.

२ मार्च, रविवार

साडेनऊपर्यंत झोपले.

उठल्यावर आईच्या खोलीत गेले. सवयीने. रिकाम्या खुर्चीवर तिची शाल राहिली होती. घडी करून कपाटात ठेवली. सुटले मी. सुटलेच!

मग दिवसभर काय केलं? काही नाही.

६ मार्च, गुरुवार

नाव!! साहेबांनी स्वतः सांगितलं — लेखावर माझं नाव येणार, चौथं. डॉक्टरीणबाई धरून बसल्यामुळे म्हणे. "चित्रांचा दर्जा हाच या अभ्यासाचा कणा आहे," असं बाई म्हणाल्या. मी त्यांना काय काय नावं ठेवली होती! असो. ह्यांना फोन करून सांगितलं. आईला सांगावंसं वाटलं, पण त्यासाठी ताईला फोन लावावा लागला असता.

११ मार्च, मंगळवार

ताईचाच फोन आला, कामाच्या ऐन गर्दीत. एकाला सुई टोचलेली, दुसरा टेबलावर.

"आईला उचलताना मांडीत अशी कळ येते गं, की डोळ्यांपुढे अंधारी येते. दुसऱ्या कुणाला दाखवू का?"

"दाखव की. सगळं गाव पालथं घाल. दोन यंत्रांनी सांगितलंय ते तिसऱ्याकडून ऐक."

"तसं नाही. तू म्हणशील तसं करेन. तुला यातलं कळतं."

"मग ऐक. काही नाहीये. मन दुसरीकडे गुंतव."

मग म्हणाली, "बरं, ठेवते. काम असेल तुला."

आता लिहिताना वाटतंय, जरा गोड बोलता आलं असतं. उद्या करेन फोन.

१३ मार्च, गुरुवार

फोन राहिला.

१५ मार्च, शनिवार

ताईचं मांडीचं हाड मोडलं.

दुपारी शेजारीण फोनवर नुसती किंचाळत होती. आईला खुर्चीतून पलंगावर घेताना झालं. पडली नाही, घसरली नाही, कुठे आपटली नाही. उभ्या उभ्या डावी मांडी मोडली! आई सांगत होती, "काठी मोडल्यासारखा आवाज झाला. तरी मोठीने मला सोडलं नाही. आधी मला पलंगावर टेकवलं, मग खाली बसली." आईला खरचटलंसुद्धा नाही.

मी पोचले तेव्हा ताई जमिनीवर, भिंतीला टेकून, पांढरीफटक. पाय भलत्याच दिशेला. मला बघून म्हणाली, "आईचं पाचचं औषध राहिलंय." बास. एवढंच.

गाडीत तिचा हात धरला. तिने काढून घेतला नाही. घेतला असता तर बरं झालं असतं.

१६ मार्च, रविवार

सकाळी ऑपरेशन झालं. मांडीत सळी. चार महिने तरी चालणं कठीण. वय एकसष्ट. आई पुन्हा माझ्याकडे, त्याच खुर्चीत. आज एकदाही "मोठी कशी आहे" विचारलं नाही. माझ्याकडे बघतच नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी बाहेर बोलावून विचारलं, हाडांच्या गोळ्या किती वर्षं? नऊ म्हटलं. मान हलवली. म्हणाले, "फार वर्षं घेतल्या की क्वचित कुणाला असं होतं. मांडीच्या हाडाला बाहेरच्या अंगाने बारीक चीर पडते. एका दिवसात मोडत नाही हे, महिनोन्महिने आधी दुखतं. आणि गंमत म्हणजे दुखतं मांडीत, पण माणसं बोट ठेवतात गुडघ्यावर. काही म्हणत होत्या का?"

"गुडघा दुखतो म्हणायची."

"हाडांचा स्कॅन झाला असता तर ठिपका दिसला असता. तेव्हाच सळी घातली असती, मोडलं नसतं." मग त्यांचं लक्ष माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे गेलं. "अरे, तुम्ही तर त्याच विभागातल्या."

मी म्हटलं, "झाला होता. गेल्या वर्षी आणि आताही. स्वच्छ होता."

"आश्चर्य आहे," म्हणाले.

आश्चर्य कसलं त्यात? गुडघा स्वच्छच होता. सपाट म्हणालं स्वच्छ, फिरतं म्हणालं स्वच्छ, यंत्रं खोटं बोलली नाहीत. मी नियमाने चौकट धरली. माझं काय चुकलं? दुपारपासून हेच घोकतेय.

या वर्षीची चौकट मी खाली सरकवली होती. पण गेल्या वर्षीची? ती नेहमीसारखीच होती. मोठी. अर्ध्या मांडीपर्यंत.

१७ मार्च, सोमवार

साहेब यायच्या आत गेल्या वर्षीचं मूळ चित्र उघडलं. मी काळा चौकोन टाकायच्या आधीचं — ते यंत्र पुसत नाही. डाव्या मांडीला बाहेरच्या अंगाने, वरच्या कडेशी तो ठिपका. शनिवारचा एक्स-रे शेजारी लावला, पट्टी धरून मोजलं. हाड मोडलंय ते बरोबर तिथेच.

ताई दोनदा म्हणाली होती, कपडे कोरडे आहेत माझे. मी हात लावूनही बघितलं नव्हतं.